आत्ता येते

तामलवाडीत शिवरंजनीच्या दारातून निघताना कुणी ‘बरं, येतो’ म्हणालं, की ती विचारते, “कधी?”

विचारण्यात चेष्टा नसते, आग्रहही नसतो. ती खरोखरच उत्तराची वाट पाहत उंबऱ्यात उभी राहते. निघणारा एक पाय चपलेत, एक बाहेर असा अडकून पडतो. रोज सकाळी दूध घालणारा लिंबाजी आता सरावलाय. “कधी म्हंजे उद्या की ताई. म्हशीला इच्यारून टाइम सांगू का?” असं म्हणून तो किटली उचलतो. शेजारची दगडाबाई मात्र तोंडावर बोलते, “कोरियाला गेली न् डोकं तिथल्या बर्फातच इसरून आली बघा पोरगी.”

पोरगी म्हणायला ती पोरगी नाही. चाळिशी उलटलीय. दगडाबाईच्या बोलण्यावर ती हसते आणि आत जाते. तिची आई इरम्मा तेवढी हसत नाही. इरम्माला ठाऊक आहे.

ही गोष्ट सुरू होते ती कोरियाच्याही आधी, याच गावच्या सोलापूर रस्त्यावर. इरम्माचं माहेर सीमेपलीकडचं, आळंदजवळचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. दोन्ही भाषांत बाकी कशाचा मेळ बसो न बसो, एका गोष्टीवर दोघींचं एकमत होतं. घरातून निघणाऱ्यानं ‘जातो’ म्हणायचं नाही. मराठीत ‘येतो’ म्हणायचं, कानडीत ‘बर्तीनि’. जाणं हे एकदाच असतं, असं इरम्मा मुलांना सांगायची. चुकून कुणी ‘जातो’ म्हणालंच, तर घरातल्यानं लगेच टोकायचं, “जातो न्हाय, येतो म्हण.” मग तो तसं म्हणायचा आणि दोष निघून जायचा.

शिवरंजनीचं लग्न झालं आणि सातव्या वर्षी तिचा नवरा रुद्रेश एका सकाळी चिडून घरातून निघाला. कारण अगदीच क्षुल्लक होतं. डब्यात पुन्हा वांगंच दिलं होतं. “ठेव तुझं वांगं. जातो मी,” असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली. शिवरंजनी स्वयंपाकघरात होती. तिनं ऐकलं. टोकायला तोंड उघडलंही, पण तिलाही राग आला होता. जाऊ दे, संध्याकाळी बघू, असं मनात म्हणून ती गप्प बसली. संध्याकाळ झालीच नाही. सकाळीच साडेनवाच्या सुमारास टोलनाक्याच्या अलीकडं त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली.

सासूबाईंनी तिला कधी शिवी दिली नाही. दिवसकार्य उरकल्यावर एवढंच विचारलं, “तू ऐकलं होतंस नव्हं? मग माघारी बोलावून ‘येतो’ का म्हणवून घेतलं न्हाईस?”

मूलबाळ नव्हतं. ती आईकडं परत आली. बी.ए. झालेली होती. पुण्याकडच्या एका निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून लागली आणि नऊ वर्षं तिथंच राहिली. त्या भागात कोरियन कारखाने पुष्कळ, त्यामुळं शाळेत कोरियन मुली होत्या आणि त्यांना शिकवायला युन नावाच्या एक बाई होत्या. युन मॅडम मायदेशी परतल्या, तिथल्या डोंगरातल्या एका इंग्रजी निवासी शाळेत रुजू झाल्या आणि दोन वर्षांनी त्यांनी शिवरंजनीला बोलावून घेतलं. लहान मुलींना सांभाळणारं इतकं शांत माणूस आमच्याकडं नाही, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं.

निघताना इरम्मानं तिच्या कपाळाला विभूती लावली. “बर्तीनि अव्वा,” शिवरंजनी म्हणाली.

तिथं तिचं नाव आधी शिवा असं लावलं गेलं. कोरियन जिभेवर ‘व’ टिकत नाही, त्याचा ‘ब’ होतो, आणि ‘शिबा’ ही कुत्र्याची एक जात आहे हे तिला पहिल्याच आठवड्यात मुलींच्या खिदळण्यावरून कळलं. तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं, मला रंजना-रंजनी काहीतरी म्हणा. त्याचं ‘मिस रांजा’ झालं.

तिच्याकडं तळमजल्यावरच्या बावीस मुली होत्या, सात ते दहा वर्षांच्या. सकाळी त्यांना उठवायचं, वेण्या घालायच्या, ताप बघायचा, कुणाचा मोजा कुणाच्या पायात गेला ते निस्तरायचं. हिवाळा आला की कामं बदलायची. नळ पूर्ण बंद करायचे नाहीत, धार बारीक सोडून ठेवायची, नाहीतर पाणी आतच गोठून नळ्या फुटतात. बाहेरून आलेले बूट दाराशी काढून घ्यायचे, आत कागद कोंबून वाळवायचे, आणि आत सगळ्यांनी मऊ सपाता घालायच्या. इमारतीतली जमीन खालून गरम असते. पहिल्या दिवशी अनवाणी पाय टेकवला तेव्हा तिला आपल्या चुलीपुढची सारवलेली जागा आठवली. पण दार उघडलं, की वारा तोंडावर चापट मारल्यासारखा यायचा. उणे चौदा, उणे सोळा. अंगावर वाकळ शिवून घेतल्यासारखा पायघोळ कोट, तरी नाकातलं पाणी गोठायचं. फोनवर इरम्मा विचारायची, “स्वेटर घालतीस नव्हं गं?” ती म्हणायची, व्हय, घालते. आणखी काय सांगणार.

जेवणाचे हाल होते. भाजीच्या सारातही वाळवलेल्या मासळीचं पाणी. लिंगायताच्या पोरीनं खायचं काय? भात, कोबी आणि घरून आणलेली शेंगाची चटणी. सकाळी गळ्यातली चांदीची डबी उघडून, लिंग तळहातावर घेऊन ती पूजा करायची, तेव्हा खिडकीबाहेर उजाडलेलंही नसायचं. पहिला हिवाळा असाच गेला. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर हारिन आली.

हारिन आठ वर्षांची. आईवडील दोघंही पोलंडमधल्या कारखान्यात, तिथं कोरियन शाळा नाही म्हणून हिला इथं आणून सोडलेलं. ती रडायची नाही. सांगितलेलं सगळं ऐकायची, अगदी शब्दन् शब्द. झोपताना बूट सरळ ठेव म्हटलं, तर फूटपट्टीनं आखल्यासारखे ठेवायची. एके दिवशी वेणी घालताना तिनं विचारलं, “मिस, त्या डबीत काय आहे?”

“माझा देव.”

“त्याला थंडी वाजत नाही?”

“म्हणून तर स्वेटरच्या आत ठेवते.”

हारिननं यावर बराच विचार केला असावा. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आल्या आल्या ती शिवरंजनीच्या गळ्याशी बोट लावून बघायची, डबी गरम आहे का. आहे म्हटल्यावर आपल्या जागेवर जाऊन बसायची. भाताबरोबर शेंगाची चटणी मागून खाणारी ती एकटीच होती. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी खायची.

डिसेंबरात सुट्टी लागली आणि वसतिगृह रिकामं झालं. सहा मुली उरल्या, मग चार, मग दोन. हारिनचे आईवडील चोवीस तारखेला यायचे होते. तेवीस तारखेला फोन आला, काम अडलंय, आठवड्यानं येतो. हारिननं तिची बॅग भरलेली होती. तिनं ती उघडली नाही. रोज त्यातला एक एक कपडा वरूनच काढून घालायची.

एकोणतीस तारखेला शिवरंजनीला दीड दिवसाची रजा होती. गावातल्या टपाल कचेरीत इरम्मानं पाठवलेलं पार्सल येऊन पडलं होतं, आणि रात्री युन मॅडमच्या घरी राहायचं ठरलं होतं. दुपारी तीनला तिची पाळी संपली. पुढं बाक नावाच्या बाईंची होती. त्या वरच्या मजल्यावर चादरी मोजत होत्या. शिवरंजनी कोट चढवून फाटकाकडं निघाली, तर मागून हारिन धावत आली. पायात आतल्या सपाता.

“मिस, मी पण येऊ?”

आपल्याकडं हा प्रसंग कुठल्या घरात घडत नाही? आई बाजाराला निघते, पोर पदर धरतं. कुणी त्याला कारणं सांगत बसत नाही. ‘तू थांब हं, आत्ता येते,’ म्हणायचं, ‘ही गेले न् ही आले,’ म्हणायचं आणि सटकायचं. पोर घटकाभर दाराकडं बघतं, मग मांजर येतं, आजी बोलावते, शेजारची पोरं येतात, आणि ते विसरतं. कुणी खोटं बोललं असं कुणालाच वाटत नाही. शिवरंजनीही अशीच वाढली होती. इरम्मा शंभर वेळा अशी निघून गेली असेल.

समोरून बस येताना दिसत होती. शिवरंजनी वाकली, हारिनच्या गालाला हात लावला आणि आपल्या इंग्रजीत म्हणाली, “नाऊ ओन्ली कमिंग, हं? गो इनसाइड. पायात काय घातलंयस बघ.”

“ओके,” हारिन म्हणाली आणि वळली. बसच्या खिडकीतून शिवरंजनीनं तिला इमारतीच्या दारातून आत शिरताना पाहिलं. हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून ती निर्धास्त झाली.

हारिन आत गेली ती तयारी करायला. मिस आत्ता येणार होती, न्यायला. दाराशी एक पांढरा फळा होता. त्यावर प्रत्येक मुलीच्या नावाची एक चकती, आणि कोण कुठं आहे त्याचे रकाने. हारिननं आपली चकती उचलली आणि ‘बाहेर, मिस रांजासोबत’ या रकान्यात लावली. रंगांची पिशवी घेतली, कोट घातला. बुटांना लांब नाड्या होत्या, बांधायला वेळ लागायचा, आणि मिस तर आत्ता येणार होती. ती सपातांवरच पुन्हा बाहेर पडली आणि फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर जाऊन बसली.

रस्ता साफ करताना ओढलेल्या बर्फाचा ढीग थांब्याच्या कडेला पुरुषभर उंच झाला होता. शाळेतून थांबा दिसत नव्हता. बाकबाई खाली आल्या, फळा पाहिला. मिस रांजासोबत. बरं झालं, बिचारीला तेवढाच बदल, असं त्या दुसऱ्या मुलीला म्हणाल्याही. सव्वापाचला अंधार पडला. सहाला जेवणाच्या वेळी बाकबाईंनी सहज म्हणून शिवरंजनीला फोन लावला, हारिन जेवूनच येणार का, हे विचारायला.

शिवरंजनी तेव्हा युन मॅडमच्या घरात गरम जमिनीवर मांडी घालून बसली होती. पार्सल फोडलेलं होतं. फोनवर हारिनचं नाव ऐकून तिला वाटलं, आले वाटतं आईवडील. “आले का?” तिनं हसून विचारलं.

त्यानंतरच्या रात्रीबद्दल ती काही सांगत नाही.

हारिन थांब्यावरच सापडली, वाचली. थंडीनं गोठलेली डाव्या पायाची दोन बोटं मात्र डॉक्टरांना काढावी लागली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. आईवडील पोलंडहून दुसऱ्याच दिवशी पोहोचले. ज्या कामामुळं आठवडा अडला होता, ते काम एका फोनमध्ये सुटलं.

पाच दिवसांनी शाळेनं शिवरंजनीला बोलावलं. टेबलापलीकडं तिघं बसले होते. दुभाषी म्हणून युन मॅडम शेजारी. कुणी आवाज चढवला नाही. मधल्या गृहस्थांनी कागदावरून वाचून विचारलं, “तुम्ही ‘आत्ता येते’ असं म्हणालात, हे खरं?”

“हो.”

“तुम्ही परत येणार होतात?”

“नाही. दुसऱ्या दिवशी.”

“मग तसं का म्हणालात?”

शिवरंजनीनं सांगायचा प्रयत्न केला. आमच्याकडं निघताना जाते म्हणत नाहीत. जाते म्हणणं वाईट असतं, माणूस परत येत नाही. म्हणून सगळे येते म्हणतात. बोलता बोलता तिला वांग्याचा डबा आठवला, पण ते तिनं सांगितलं नाही. युन मॅडमनी सगळं कोरियनमध्ये सांगितलं. मग कडेला बसलेल्या वयस्कर बाईंनी, अगदी साधेपणानं, जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, “मग तुमच्याकडं कोणी ‘येते’ म्हणालं, तर ते खरंच येणार आहे की नाही, हे मुलांना कसं कळतं?”

तो प्रश्न घेऊनच शिवरंजनी तिथून उठली. तो आजही तिच्यापाशी आहे.

तिला हाकललं नाही. पुढचा करार होणार नाही, असं अदबीनं, उभं राहून, वाकून सांगितलं. दवाखान्यात हारिनला भेटायची तिनं दोनदा परवानगी मागितली. हारिनच्या आईनं दोन्ही वेळा नाही म्हटलं. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं, असं शिवरंजनी युन मॅडमना म्हणाली. तिला माफी नको होती. तिला हारिनला एवढंच सांगायचं होतं, की मी तुला फसवलं नाही. मला बोलता आलं नाही.

जानेवारीच्या शेवटी ती निघाली. शाळेची गाडी दाराशी उभी होती. ती दोन बॅगा ओढत तळमजल्यावरून येत होती, आणि त्याच वेळी हारिनची आई मुलीचं सामान न्यायला आली होती. हारिन चाकांच्या खुर्चीत, फळ्यासमोर. डाव्या पायाला जाड पट्टी. आई आत खोलीत होती. आसपास कुणी नव्हतं.

शिवरंजनी थांबली. आठवडाभर घोकलेलं वाक्य बोलायला ती खुर्चीशी वाकली. हारिननंच आधी बोलायला सुरुवात केली. तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. हिशोब चुकू नये म्हणून सांगावं, तसं ती सांगत होती.

“मिस, चार बस आल्या. प्रत्येक वेळी मी उभी राहिले. तिसऱ्या बसमधल्या एका आजीबाईंचा कोट तुझ्यासारखाच होता.”

“हारिन...”

“मी फळ्यावर चकती पण लावली होती.”

“हो. बरोबर लावली होतीस. तू सगळं बरोबर केलंस.”

हारिननं मान डोलवली. मग तिची नजर बॅगांकडं गेली. “मिस, यू आर कमिंग?”

ओठ सवयीनं त्याच शब्दाकडं वळले होते. ‘कमिंग’चा अर्धा उच्चार झालाही. शिवरंजनीनं तो गिळला. जन्मात कधी तोंडून न काढलेला शब्द तिनं आधी इंग्रजीत काढला. “नो, हारिन. आय ॲम गोइंग.” आणि मग, जणू तेवढ्यानं पुरतं होणार नाही म्हणून, आपल्या भाषेत म्हणाली, “जाते मी.”

“ओके,” हारिन म्हणाली. तिला हे लगेच समजलं. तिनं हात पुढं केला, शिवरंजनीच्या गळ्याशी बोट लावून डबी गरम आहे का ते पाहिलं, आणि हात मागं घेतला. “बाय, मिस.”

आतून आईची हाक आली, तशी तिनं स्वतःच खुर्चीची चाकं वळवली. मागं वळून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वाट पाहायची नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं गेलं होतं.

घरी आल्यावर शिवरंजनीनं हे सगळं एकदाच सांगितलं, इरम्माला. दोन बोटांचं ऐकून इरम्मा डोळ्याला पदर लावून बसली. पण ‘जाते’ म्हणाल्याचं ऐकलं तशी ती ताठ झाली.

“असं म्हणू ने गं रंजी. लेकराला असं म्हणू ने.”

“मग काय म्हणायचं होतं अव्वा?”

तेव्हापासून घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला शिवरंजनी ‘कधी?’ विचारते. इरम्मालाही विचारते. इरम्मा कधी रागावते, कधी ऐकलं न ऐकलं करते. ‘येणाऱ्याला कधी म्हणून विचारत असत्यात का,’ म्हणून पुटपुटत जाते.

गेल्या पौषात इरम्मा माहेरी निघाली. भावजय आजारी होती. सकाळी हातात पिशवी, डोक्यावरून चंदनाच्या रंगाची शाल. उंबऱ्यात चपला घालता घालता सवयीनं म्हणाली, “बर्तीनि रंजी.”

“कधी?”

या खेपेला इरम्मा थांबली. सत्तरी ओलांडलेली बाई, एसटीच्या वेळा तिला कधी धड ठाऊक नव्हत्या. ती दाराला धरून उभी राहिली, बोटं मोजली. “शुक्रवारी,” ती म्हणाली. “आळंदहून सकाळची गाडी. सोलापुरात उतरून तुळजापूरची धरते. इथं बारा वाजता.” मग लेकीकडं न बघता, “बाराला येते,” असं म्हणून पायरी उतरली.

शुक्रवारी शिवरंजनी अकरालाच रस्त्यावरच्या थांब्यावर जाऊन बसली. ऊन होतं, पण वारं गार होतं. गावात ठिकठिकाणी हुरड्याचा वास. पावणेबाराला सोलापूरहून एक गाडी आली. शिवरंजनी उठून उभी राहिली. दोन माणसं उतरली, इरम्मा नव्हती. ती पुन्हा बसली. बारा वाजून गेले. साडेबाराला दुसरी आली, ती उभी राहिली. चंदनाच्या रंगाची शाल पांघरलेली एक म्हातारी खिडकीशी दिसली आणि तिचा पाय पुढं पडला. पण ती बाई उतरली नाही, तुळजापूरला चालली होती. शिवरंजनी परत बसली. बाकडं गार होतं. तिनं पाय वर उचलून साडीखाली ओढून घेतले.

सव्वा वाजता तिसरी गाडी थांबली. कंडक्टरचा हात धरून इरम्मा हळूहळू उतरली. तिनं लेकीला पाहिलं, मग लेकीच्या पायांकडं पाहिलं. नुसत्या चपला होत्या.

“कवाधरनं बसलीस?”

“अकरापासनं.”

“सोलापुरात गाडीच चुकली गं,” इरम्मा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “पर आले. म्हणले होते नव्हं, येते म्हणून.”

“व्हय अव्वा. आलीस.”

शिवरंजनीनं तिच्या हातातली पिशवी घेतली. पण ती लगेच निघाली नाही. बसचं दार अजून उघडं होतं आणि तिची नजर तिथंच लागली होती. कंडक्टरनं घंटी मारली, दार लागलं, गाडी तुळजापूरकडं निघून गेली. आणखी कुणी उतरलं नाही.